वाडीतला अर्धा तास

स्वप्ना मयेकरने रिद्धीला मारलं ते चमचा वाजवला म्हणून. सात वर्षांची पोर जेवता जेवता ताटावर चमच्याने ताल धरून शाळेतलं कसलंसं गाणं म्हणत होती. स्वप्नाने दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा हातच उठला. रिद्धी रडली नाही. आईकडे बघत राहिली आणि मग चमचा अगदी हळू, जराही आवाज न करता ताटाशेजारी ठेवला. ते तसं ठेवणं स्वप्नाच्या फार जिव्हारी लागलं.

वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती तक्रारी घ्यायला बसायची. सत्त्याण्णव साल होतं. स्टेशनच्या दोन्ही बाजूंना इमारती उठत होत्या, लोकांना कित्येक वर्षांनी फोन मिळत होते आणि मिळालेले बंद पडत होते. हेडफोन कानाला लावला की सुट्टी होईपर्यंत माणसं तिच्या कानात ओरडत. फोन डेड आहे, लाइनमन आला नाही, बिल भरूनसुद्धा हे असं, तुमचं नाव सांगा आधी. संध्याकाळी एव्हरशाईन सिटीतल्या घरी आलं की खाली पाण्याचा टँकर घरघरत असायचा, शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी कापायचं मशीन चालू असायचं. अंथरुणाला पाठ टेकली तरी कानात घंटी वाजतच राहायची.

डॉक्टरांनी कान तपासले, रक्तदाब पाहिला.

"कानांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "गोळ्या लिहून देतो, पण खरं औषध वेगळं आहे. दिवसातून अर्धा तास कुठेतरी शांत बसा. कोणाशी बोलायचं नाही, कोणाचं ऐकायचं नाही. डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं."

"अर्धा तास कुठून आणू, डॉक्टर?"

"तो तुमचा तुम्हीच काढायचा."

हे तिने घरी सांगितलं तेव्हा जितेश हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. जितेशने दोन वर्षांपूर्वी औषध कंपनीतली नोकरी सोडून इस्टेट एजन्सी काढली होती. रामनाथशेठ नावाच्या बिल्डरची कामं तो बघायचा. घरी येताना दमलेला, चिडलेला असायचा. पण त्या संध्याकाळी त्याने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रविवारी तुला एक जागा दाखवतो."

ती जागा गिरीजच्या पुढे होती. रस्ता सोडून आत वळलं की दोन्ही अंगांना केळी, मध्ये चिंचोळी पायवाट आणि शेवटी शंकर चुरींची वाडी. नारळ, सुपाऱ्या, तगरीचे आणि मोगऱ्याचे वाफे, कौलारू घर, आणि घराच्या मागे बावखल. विहिरीपेक्षा मोठं, तळ्यापेक्षा लहान. वसईतल्या जुन्या वाड्यांना असं एकेक बावखल असायचंच, त्याच्याच पाण्यावर वाडी जगायची. आता बरीच बुजवली गेली होती. चुरींचं शाबूत होतं. काठावर परसभेंडीचं मोठं झाड वाकलेलं, पाण्यापर्यंत उतरायला दगडाच्या पायऱ्या. स्वप्ना वरच्या पायरीवर उभी राहिली आणि कित्येक महिन्यांनी तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला.

पुढच्या अंगणात जितेश शंकरकाकांशी बोलत होता. शंकरकाका साठीचे, काटक, बोलायला तुटक. त्यांचं शेवटचं वाक्य तेवढं मागे ऐकू आलं, "वाडी विकायची नाही, त्या कामासाठी परत येऊ नका, मयेकर."

स्वप्ना ओशाळली. पण मथुराकाकी, शंकरकाकांची बायको, फुलांची परडी घेऊन तिच्याजवळ आली. तिने विचारलं तसं स्वप्नाने सगळं सांगून टाकलं, कानातली घंटी, डॉक्टर, अगदी चमच्याचंसुद्धा.

"मग ये ना रोज," मथुराकाकी म्हणाली. "पाणी काय कमी होतंय का तू बसलीस म्हणून?"

"पण काका... आमचे हे ज्या कामासाठी आले..."

"तो त्याच्या कामाला आला, बाय. तू तुझ्या ये."

नवराबायको आपसात त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलली. स्वप्नाला निम्मंच कळलं. शंकरकाकांच्या मनात नव्हतं एवढं मात्र कळलं. शेवटी त्यांनी मान हलवली.

तेव्हापासून ऑफिस सुटलं की ती लुनावरून थेट वाडीत जाऊ लागली. पहिले काही दिवस नुसती तगमग झाली. डोळे मिटले की दिवसभरातली माणसं कानात ओरडायची, रिद्धीचा डबा, दळण, उद्याची भाजी सगळं एकदम आठवायचं. मग हळूहळू जमू लागलं. श्वास आत, श्वास बाहेर. खंड्या पाण्यात झेप घ्यायचा तो आवाज, केळीचं पान फाटायचं तो आवाज, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. ती घरी जायची तेव्हा तिचा चेहरा उतरलेला नसायचा. रिद्धी परत तिच्या अंगाशी झोंबायला लागली.

आणि जितेश तर बदललाच. रिद्धीला क्लासमधून तोच आणायचा. कुकर लावून ठेवायचा. एकदा तर तिच्यासाठी बसायला छोटी सतरंजी घेऊन आला. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई.

ती आली की तो चहा पुढे ठेवायचा आणि विचारायचा, "काय, कसं वाटलं आज? कोण कोण होतं?"

ती मोकळेपणाने सांगायची. तिला सांगायलाही आवडायचं. मुलगा मस्कतला असतो त्यांचा, घरी दोघंच. काकी गुरुवारी दुपारी मुलीकडे आगाशीला जातात, काका एकटेच असतात, मोटार लावून केळीला पाणी सोडत बसतात. शेजारी सॅन्टनचं घर आहे, तो त्यांचा जुना मित्र. पण सध्या चर्चच्या सणाची नऊ दिवसांची नोव्हेना चालू आहे, संध्याकाळी अख्खा पाडा प्रार्थनेला जातो, इतकी शांतता असते म्हणून सांगू!

"आणि कुत्रा? त्या दिवशी माझ्यावर केवढा धावून आला होता."

"बंड्या? वाडीत परका माणूस पाऊल टाकू शकत नाही. मला आता काही करत नाही. रोज ग्लुकोजची बिस्किटं नेते ना."

"म्हणजे कोणाच्याही हातचं खातो?"

"खातो मेला," ती हसून म्हणाली. "हावरट आहे."

जितेशही हसला आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.

सोमवारी ती वाडीत गेली तर बंड्या फाटकापाशी आडवा पडलेला होता. पाय ताठ झालेले, तोंडाला वाळलेला फेस, डोळ्यांवर माश्या. मथुराकाकी पदराने तोंड झाकून उभी होती.

"साप चावला असेल," ती म्हणाली. "बांधावर असतात."

शंकरकाका कुदळ घेऊन नारळाखाली खड्डा खणत होते. मध्येच थांबले, फाटकापासून रस्त्यापर्यंत बघून घेतलं आणि पुन्हा खणू लागले.

"मी जाते आज," स्वप्ना म्हणाली.

"नको, बस तू," काकी म्हणाली. "आलीस एवढी तर बस."

ती पायरीवर बसली. पर्समध्ये बिस्किटांचा पुडा तसाच होता. डोळे मिटले, श्वासाकडे लक्ष दिलं. वारा पडला होता. पाण्यावर एकही तरंग नव्हता. मन शांत होत गेलं आणि त्या शांततेत एक आवाज स्पष्ट ऐकू आला, अगदी शेजारी कोणी बोलल्यासारखा. म्हणजे कोणाच्याही हातचं खातो?

तिने डोळे उघडले. काठावर कोणी नव्हतं.

पुन्हा मिटले. आता दुसरा प्रश्न आला. गुरुवारी किती वाजता जातात काकी? मग तिसरा. सॅन्टनच्या घरी म्हातारी कोणी असते का गं मागे? चहाच्या कपांबरोबर एकेक करून विचारलेले सगळे प्रश्न. रोजच्या धावपळीत ते एकमेकांशेजारी कधी आलेच नव्हते. आता आले. ती उठून उभी राहिली. छे, असं कसं होईल, ती स्वतःशी म्हणाली. माझा नवरा आहे तो. सतरंजी आणून दिली त्याने.

घरी जितेश कुकरचं झाकण काढत होता.

"बंड्या गेला," ती म्हणाली.

"हो का? वाईट झालं." त्याने भाताचं भांडं बाहेर काढलं.

ती वाट बघत राहिली. कधी, कशाने, असं काहीतरी तो विचारेल म्हणून. रोज बारीकसारीक विचारणाऱ्या माणसाने त्यावर काहीच विचारलं नाही. भात वाढून झाल्यावर तो म्हणाला, "बरं, येत्या गुरुवारी वाडीत जाऊ नकोस. रिद्धीला दाताच्या डॉक्टरकडे ने. तिची दाढ दुखतेय."

"मला नाही दुखत," रिद्धी म्हणाली.

"दुखतेय," जितेश म्हणाला. तो तिच्याकडे बघून हसत होता.

त्या रात्री स्वप्नाला झोप लागली नाही. शेजारी जितेश संथ घोरत होता. पोलिसात जावं? काय सांगायचं? कुत्रा मेला आणि नवऱ्याने कारण विचारलं नाही, हे? जितेशलाच विचारावं? तो विचार आला आणि आपण नवऱ्याला भितो हे तिला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

बुधवारी ती वाडीत गेली ती बसायला नव्हेच. मथुराकाकी गजऱ्यांसाठी मोगरा वेचत होती.

"काकी, उद्या आगाशीला जाऊ नका."

"का गं?"

"असंच. मला बरं वाटत नाहीये. उद्या इथेच थांबा."

"तुला बरं वाटत नाही तर मी कशाला थांबू?" काकी हसली. "नातवाचा वाढदिवस आहे उद्या. त्याला शेवया करून द्यायच्यात."

"मग काकांना घेऊन जा."

"ते कुठले येतात!" काकीने हात थांबवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय, बाय? घरी काही बोलले का तुला?"

सांगायची हीच वेळ होती. शब्द तोंडाशी आले होते. पण 'माझा नवरा' एवढे दोन शब्द आले आणि पुढचं वाक्य तिला उच्चारता येईना. "काही नाही," ती म्हणाली आणि लुना सुरू करून निघाली.

गुरुवारी ती ऑफिसला गेली खरी, पण हेडफोनमधलं तिला काही ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिने चुरींचा नंबर फिरवला. काकांना एवढंच सांगायचं होतं की फाटक लावून सॅन्टनकडे जाऊन बसा, का ते विचारू नका. रिंग गेली नाही. पुन्हा फिरवला. काहीच नाही. तिने टेस्ट डेस्कवरच्या माणसाला लाइन बघायला सांगितली.

"बाहेरून तुटलीय, मॅडम," तो म्हणाला. "खांबाजवळच असणार. सकाळपर्यंत चांगली होती. तक्रार लिहू का?"

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली.

वाडीचं फाटक उखडून बाजूला टाकलेलं होतं. केळीची पुढची रांग आडवी झाली होती आणि त्यांच्या चिखलातून टायरच्या खुणा घराच्या मागे गेल्या होत्या. बावखलाच्या काठावर एक डंपर मागची बाजू पाण्याकडे करून लावलेला होता. त्यातून माती, विटांचे तुकडे, फुटक्या फरशा पाण्यात कोसळत होत्या. पाणी गढूळ होऊन पायऱ्यांवर चढलं होतं. चारपाच माणसं उभी होती. त्यांतला एक जाडा माणूस तिच्याकडे वळला. त्याला ती ओळखत होती. जितेशच्या ऑफिसात बसायचा तो, दिवाळीला मिठाई घेऊन घरी आला होता.

तोही दचकला. मग हात जोडून म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशा आलात? साहेब म्हणाले होते तुम्ही आज येणार नाही."

तिने अंगणात, घराकडे काकांना शोधलं.

"काका कुठे आहेत?"

"आहेत. आराम करतायत."

पाण्याच्या मोटारघराच्या पत्र्याच्या दाराला बाहेरून कडी होती. आतून दारावर काहीतरी आपटत होतं. जोरात नाही. हळू, थांबून थांबून. ती तिकडे निघाली तसा जाडा माणूस तिच्या वाटेत येऊन उभा राहिला. त्याने तिला हात लावला नाही.

"वहिनी, घरी जा तुम्ही," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "रिद्धीचा क्लास सुटायची वेळ झाली ना? साहेब इथल्या कामात आहेत. पोरीला आणायला कोणीतरी पाहिजे."

दारावरचं आपटणं थांबलं.

ती वळली. लुनापर्यंत चालत गेली, सावकाश, घाई न करता. ते सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला पाठीला जाणवत होतं. केळीच्या आड जाईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र तिने लुना पिळली ती थेट चर्चपर्यंत.

नोव्हेना सुरू होती. फादरांनी सगळ्यांना क्षणभर मूक प्रार्थना करायला सांगितलं असावं. अख्खा पाडा गुडघे टेकून, डोळे मिटून बसला होता. कोणी खोकतसुद्धा नव्हतं. दारात उभी राहून स्वप्नाला वाटलं, आपल्याला इथे आवाज करता येणार नाही. मग तिला ते थांबलेलं आपटणं आठवलं.

"सॅन्टन!" ती ओरडली. "शंकरकाकांना मारलंय! चला! उठा, चला सगळे!"

शेदोनशे डोळे एकदम उघडले. पुढच्या रांगेतला सॅन्टन उठला, त्याच्यामागे त्याची बायको, मग बाकांचा खडखडाट झाला आणि माणसं दारातून बाहेर लोटली.

एवढा जमाव येताना पाहून ते लोक डंपर तिथेच सोडून मागच्या बांधावरून पळाले. सॅन्टनने कडी काढली. शंकरकाका मोटारीच्या पाइपांवर तिरके पडले होते. डोक्याला खोक पडली होती, डावा हात विचित्र वळलेला. श्वास चालू होता. फळीवर घालून त्यांना बाहेर काढलं आणि सॅन्टनच्या टेम्पोतून हॉस्पिटलात नेलं. काका जगणार, पण हाताचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मथुराकाकी आगाशीहून आली ती शेवयांचा रिकामा डबा हातात घेऊनच. हॉस्पिटलच्या बाकावर स्वप्नाशेजारी बसली. बराच वेळ रडली. मग एकदम थांबून म्हणाली, "ते आज एकटे असतील, पाड्यात कोणी नसेल, हे त्यांना कोणी सांगितलं?"

"मी," स्वप्ना म्हणाली. "मीच सांगितलं, काकी. रोज सांगत होते. मला कळत नव्हतं."

"आणि काल?"

"काल कळलं होतं."

मथुराकाकीने तिच्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या नाहीत. उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मी येईपर्यंत रिद्धीला थांबवून घ्या असा क्लासच्या बाईंना फोन करून सॅन्टनबरोबर स्वप्ना पोलीस चौकीत गेली. हवालदाराने दोनदा विचारलं, "बाई, नवऱ्याचं नाव लिहायचंय ना नक्की? नंतर बदलता येणार नाही." तिने होकार दिला. जे जे आठवत होतं ते सगळं सांगितलं, प्रश्न कोणता, तिने उत्तर काय दिलं, जाडा माणूस काय बोलला ते. इन्स्पेक्टरसाहेब बाहेर गेलेत, उद्या बघू, असं हवालदार म्हणाला. तिने सही केली.

बाहेर दिवे लागले होते. चौकीच्या समोर, रस्त्यापलीकडे जितेश स्कूटरवर बसला होता. रिद्धी पुढे उभी होती, हातात कॅडबरी.

"आई!" ती ओरडली. "बाबा म्हणाले तू इथे आहेस."

स्वप्नाने रस्ता ओलांडला. जितेशच्या चेहऱ्यावर रोजचंच हसू होतं.

"झालं का सगळं?" त्याने विचारलं. "काय सांगितलंस त्यांना?"

"मला माहीत होतं ते."

"तुला काय माहीत होतं, स्वप्ना?" तो अगदी हळू, मायेने म्हणाला. "तू तर डोळे मिटून बसत होतीस ना?"

तिने रिद्धीला काखेत हात घालून स्कूटरवरून खाली घेतलं. जितेशने अडवलं नाही.

"कुठे जाणार?"

"जूचंद्रला. दादाकडे."

"जा की. चार दिवस राहा." त्याने आरसा नीट केला. "दादाचं घर मला माहीतच आहे."

सॅन्टन चौकीच्या दारात थांबला होता. आजची रात्र आमच्याकडे राहा, सकाळी मी सोडतो तुम्हाला, असं तो म्हणाला. टेम्पो हॉस्पिटलात काकीपाशी ठेवला होता, म्हणून तिघं गिरीजच्या रस्त्याने चालतच निघाली. रिद्धी मध्ये होती आणि आज क्लासमध्ये काय झालं ते सांगत होती. स्वप्ना तिचं बोलणं ऐकत होती आणि मागचंही. बराच वेळ मागे काही हललं नाही. मग स्कूटरला किक बसली. ती वेगाने जवळून निघून जाईल म्हणून स्वप्नाने पोरीला कडेला ओढलं. पण स्कूटर पुढे गेली नाही. दिवा न लावता, माणसाच्या चालीने, ती त्यांच्या मागून येत राहिली.